तुम्ही मनातल्या मनात कशावरून नावं ठेवता? आणि ते मनातच राहतं का?

डबेवाली_जळगाव विचारते:

नमस्कार मंडळी. मी जळगावात घरूनच डबे देते, अकरावं वर्ष चालू आहे. सध्या सकाळचे 38 आणि रात्रीचे 21 जातात. गिऱ्हाईक सगळं मिश्र. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला असलेली पोरं, दोन बँकवाले, औषधांचे एमआर, कोर्टाबाहेर बसणारा एक टायपिस्ट, बाकी कॉलेजची. यातल्या निम्म्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. पैसे मोबाईलवर येतात, डबा पोऱ्या नेतो आणि पोऱ्याच आणतो. झाकणावर नेलपॉलिशने नंबर घातलाय. माझ्यासाठी तो नंबर म्हणजेच माणूस.

आता कबुली. रिकाम्या डब्यांची पिशवी ओट्यावर उपडी झाली की मी एकेक डबा उघडते आणि एकेकाला नाव ठेवते. तोंडाने नाही, मनात.

धुऊन आला, तर आईने वळण लावलंय. न धुता आला, तर लाडावलेलं बाळ. धुतला पण आत पाणी तसंच ठेवून घट्ट झाकण लावलं, तर हा नुसता दाखवण्यापुरता करणारा. (मे महिन्यात जळगावला पारा 45 च्या घरात असतो. बंद डब्यातलं तसलं पाणी तीन तासांनी उघडून बघा, मग मला बोला.) भाजी उरवली तर मी काही म्हणत नाही, आवड असते एकेकाची. पण भाकरीच्या कडा! मधलं मऊ तेवढं खायचं आणि कडा गोल कातरून परत पाठवायच्या. असल्या माणसाला मी माझी मुलगी देणार नाही. मला मुलगी नाही, तरी देणार नाही.

पंचवीस नंबर चिठ्ठ्या पाठवतो. लाल शाईत. ‘वरणात हिंग जास्त.’ बँकवाल्यांपैकी एक आहे तो. त्याच्याबद्दल माझं ठाम मत आहे की ह्याची बायको ह्याला कंटाळून माहेरी गेलेली असणार. पुरावा काही नाही. लाल शाई एवढाच पुरावा.

एकतीस नंबरने एकदा निरोप धाडला, ‘भरतात टोमॅटो टाकाल का?’ माझा भाऊ यावल तालुक्यातल्या गावाहून हिरवी-पांढरी वांगी पाठवतो, सोबत कपाशीच्या काड्यांचा भारा. गच्चीवर जाळ करून मी ती भाजते, धुराने डोळे चुरचुरतात, हिरवी मिरची आणि लसूण त्याच निखाऱ्यावर. मग लाकडाच्या भांड्यात ठेचायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. 2016 साली जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि त्यात ह्याला टोमॅटो पाहिजे. बरं, माणूस बाहेरचा असता तर सोडून दिलं असतं. पाचोऱ्याचा आहे! त्या दिवसापासून एकतीस नंबर माझ्या लेखी वाया गेला.

आणि सात नंबर. नर्सिंगला असलेली पोरगी. डबा घासून, पुसून, आणि कधीच रिकामा नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करू नये म्हणतात, हल्ली पाळतं कोण? ही पाळते. चिमूटभर साखर, नाहीतर लिमलेटची गोळी, थंडीत मेहरूणची चार बोरं. पैसे मात्र दर महिन्याला आठ दिवस उशिरा. ते मला खटकत नाही. हे मला स्वतःलाच विचित्र वाटतं, पण खटकत नाही.

इथपर्यंत सगळं करमणुकीचं होतं. आता मुद्द्याचं.

दोन वर्षांपूर्वी सून आली. बी.कॉम. आहे. तिला केकचं वेड, म्हणून तिने छोटा डिजिटल काटा आणला. एका गुरुवारी, भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीचा दिवस, डबे भरून गेले, आम्ही दोघी चहा घेत बसलो, तेव्हा ती म्हणाली, “आई, चौदा नंबरचं आणि तुमचं काही झालंय का?”

मी म्हटलं, “काय व्हायचंय? मी बघितलेला पण नाही तो.”

“मग त्याची भाकरी रोज लहान का असते?”

मी हसण्यावारी नेलं. तिने गॅसच्या कार्डामागचा कागद काढला. पाच दिवस ती माझ्या नकळत गोळे तोलत होती. मी पीठ मळून गोळे करून परातीत ठेवते आणि भाजीकडे वळते, तेवढ्यात. सगळ्यांचे गोळे 108, 112, 110 असे. चौदाचे 92, 95, 90, 94, 88. साताचे 121, 124, 120.

मी म्हटलं, शेवटचं पीठ उरतं त्याची होत असेल. ती म्हणाली, “पण आई, शेवटी चौदालाच का घेता? नंबराने तर चौदावा यायला पाहिजे.”

चौदा नंबर म्हणजे कडा ठेवणारा. डबा न धुणारा. दोन्ही.

आणि मग माझ्याच लक्षात आलं की भरीत वाढतानाही त्याला भांड्याच्या बुडाचं जातं, जळक्या सालीचे कण असलेलं. मी हे ठरवून केलेलं नाही, देवाशपथ. त्याच्याबद्दल वावगा शब्द मी पोऱ्याजवळसुद्धा काढलेला नाही. मी फक्त मनात नाव ठेवलं होतं. हाताला कोणी सांगितलं?

तर दोन प्रश्न. तुम्ही कशावरून नावं ठेवता, अगदी फालतू, लाज वाटेल असं? आणि ते मनातच राहतं, की कुठून तरी गळतं? ‘असं करू नये’ एवढंच सांगायचं असेल तर नका लिहू. ते माझ्या सासूबाई रोज सांगतात.

---

डबल_बेल:

ताई, रामराम. धुळ्याहून. 31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो, आता घरी. तुम्ही 38 डब्यांचं सांगता, माझ्याकडे दर फेरीला साठ-सत्तर माणसं. धुळे–शिरपूर किती हजार वेळा केलं असेल मोजलेलं नाही.

पहिलं नाव खिडकीतून रुमाल टाकणाऱ्याला. गाडी अजून फलाटाला लागली नाही तर ह्याचा रुमाल सीटवर. एकाने तर टोपी टाकली, दुसऱ्याने त्या टोपीवर पिशवी ठेवली, आणि सोनगीर येईपर्यंत दोघांचं भांडण. दुसरं नाव, तीस रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट काढून वर ‘सुटे नाहीत का हो?’ विचारणाऱ्याला. अरे मना भाऊ, तूच दे ना सुटे! तिसरं, 2023 च्या मार्चपासून बायांना अर्धं तिकीट झालं त्यावर कुरकुरणारे बाप्ये. शेजारी स्वतःची बायको अर्ध्या तिकिटात बसलेली, हिचे वाचलेले पैसे ह्याच्याच खिशात, आणि तोंड सुरू, ‘आम्ही काय पाप केलं?’

पंचाहत्तरीच्या पुढच्यांना त्याच्या आधीच, 2022 च्या ऑगस्टमध्ये, फुकट झालं. त्यातही माझा एक वर्ग होता. कार्डावर वय 76, डोक्याचे केस काळेभोर, मिशी त्याहून काळी. कार्ड खरं असायचं. पण मी मनात म्हणायचो, आजोबा, घरी तरुण आणि गाडीत म्हातारे?

आता गळतं का म्हणाल, तर गळतं. सुटे नसले की आम्ही तिकिटामागे बाकी लिहून देतो, उतरताना घ्या म्हणतो. जो माणूस आवडला त्याला नरडाणा आलं की मी स्वतः हाक मारायचो, ‘ओ नाना, तुमचे वीस राहिले.’ ज्याला नाव ठेवलं होतं त्याने मागितले तर लगेच दिले, कधी नाही म्हटलं नाही. पण तो विसरला तर मी खिडकीबाहेर बघायचो. हे मी आजपर्यंत घरी पण सांगितलेलं नाही. तुमच्या 88 ग्रॅमनी काढून घेतलं.

---

सराफकट्टा:

सोन्याच्या पेढीत काउंटरवर आहे, 19 वर्षं. कोणती ते विचारू नका, जळगावात आहे एवढं पुरे.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो म्हणजे पुढे कोणी सांगणार नाही: फाटकी चप्पल घालून आलेला माणूस आणि पिशवीत केळीचे रोख पाच लाख. ही गोष्ट प्रत्येक सेल्समन सांगतो. रावेर-यावलचे केळीवाले असतात तसे, खोटं नाही. पण तिचा परिणाम काय झालाय माहितेय? आता फाटकी चप्पल दिसली की आम्ही उठून उभे राहतो आणि पॉलिश केलेल्या बुटांना नाव ठेवतो, ‘हप्त्यावर घेणार हा.’ नाव ठेवणं काही थांबलं नाही, फक्त चपलेकडून बुटाकडे गेलं.

माझी खास नावं दोन जणांना. एक, बांगडी तळहातावर दोनदा उडवून ‘अठरा ग्रॅम असेल’ म्हणणारे. काटा समोर आहे, मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो, तरी ह्यांना हात उडवायचा. आणि दुसरे, एचयूआयडी वाचणारे. 2023 च्या एप्रिलपासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो सहा अक्षरी नंबर नसेल तर आम्हाला विकता येत नाही. लेसरने कोरलेला असतो, लेन्सशिवाय दिसायला कठीण. आम्ही भिंग पुढे करतो. हे म्हणतात ‘नको, नको’, आणि डोळे बारीक करून, मान हलवून, ‘हं, आहे बरोबर.’ काय बरोबर आहे? अंगठी उलटी धरलेली असते भाऊ! अशा माणसाने दोन लाखांची खरेदी केली तरी माझ्या मनात तो सोंगाड्याच राहतो. मोबाईलच्या ॲपवर नंबर टाकून तपासणारी शांत पोरगी दिसली की मात्र मला बरं वाटतं, माझं काम वाढतं तरी.

गळती म्हणाल, तर आमच्याकडे तिला भाषा आहे. पोऱ्याला ‘पाणी आण’ म्हटलं तर पाणी येतं. ‘थंड पाणी आण’ म्हटलं तर पाणी आणि मागून चहा. ‘साहेबांसाठी थंड पाणी’ म्हटलं तर लस्सी. गिऱ्हाईकाला वाटतं पाणीच सांगितलं. ताई, तुमचा काटा तरी खरा आहे. आमच्याकडे तोलून ठरवत नाहीत, मी खुर्चीवरून बघतो आणि ठरवतो.

---

स्पष्टबोल:

चौदा नंबर पैसे पूर्ण देतो ना? मग त्याला 18-20 ग्रॅम कमी म्हणजे मापात पाप. यात करमणूक काय आहे मला कळलं नाही. किराणावाल्याने तुम्हाला किलोत शंभर ग्रॅम कमी दिलं असतं तर इथेच येऊन ओरडला असतात. मानसिक वगैरे काही नाही, सरळ चोरी आहे. वाईट वाटून घ्या.

---

डबेवाली_जळगाव:

@स्पष्टबोल, वाईट वाटूनच लिहिलंय हो भाऊ. ‘चोरी’ शब्द बोचला, पण खोडून काढता येत नाहीये. एकच सांगते, मी हिशेब केला. रोज साधारण 18 ग्रॅम धरले, दोन भाकरी, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे जवळजवळ एक किलो पीठ. तो माझ्याकडे सव्वा वर्ष आहे. 14 किलो निघालं. तेवढ्याचं दळण मी एका खेपेला गिरणीत टाकते. सुनेला दाखवलं तर ती म्हणाली, चौदा नंबरचे चौदा किलो, आणि हसली. मला नाही हसू आलं.

@डबल_बेल दादा, ‘खिडकीबाहेर बघायचो’ वाचून मी पण जरा खिडकीबाहेर बघितलं.

---

शिरपूरकर_पुण्यात:

माझं एकदम थोडक्यात. शेवभाजीत शेव आधीच टाकून, भिजवून, लगदा करून वाढणारं हॉटेल आणि ते आवडीने खाणारा माणूस, दोघांना माझ्याकडे माफी नाही. शेव वेगळी, रस्सा वेगळा, आणि टाकली की लगेच खायची. पुण्यात ‘खान्देशी’ पाटी लावून लाल रंगाचं काहीही देतात.

दुसरं, आपल्याकडची पोरं पुण्यात आली की सहा महिन्यांत अहिराणी विसरतात. रूममेटची आई फोनवर विचारते, “जेवन झायं का रे भो?” आणि हा उत्तर देतो, “हो मम्मी, डिनर झालं.” त्याला मी मनात इतकी नावं ठेवली आहेत की सांगता सोय नाही. पण परवा ऑफिसात कोणी विचारलं, गाव कुठलं, तर माझ्या तोंडून काय गेलं? “नाशिकजवळ.” शिरपूर नाशिकपासून दोनशेच्या आसपास किलोमीटर असेल. जवळ!

गळतं का वगैरे मला माहीत नाही. मी त्या रूममेटला उशिरा उठवतो, एवढं खरं.

---

शहाद्याचा_मास्तर:

ताईंच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करून लिहितोय. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, 22 वर्षं झाली.

माझं नाव ठेवणं अक्षरावरून. गिचमिड अक्षर दिसलं की पोरगा आळशी, समासाची रेघ वाकडी असेल तर घरात कोणी बघणारं नाही. एकदा गंमत म्हणून मी एका मुलाचं निबंधाचं उत्तर दुसऱ्या सुवाच्य अक्षराच्या मुलीकडून उतरवून घेतलं आणि आठ दिवसांनी, विसरल्यावर, तपासलं. आधी 5 दिले होते, आता 7 दिले. मजकूर अक्षरशः तोच, चुकांसकट. त्या मुलाला मी काही सांगितलं नाही. गुण वाढवून दिले, एवढंच.

‘हाताला कोणी सांगितलं’ या तुमच्या वाक्यावरून एक प्रयोग आठवला, डी.एड.ला असताना वाचलेला. रोझेन्थाल नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी फोड यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेला. विद्यार्थ्यांना उंदीर दिले आणि भुलभुलैयातून पळायला शिकवा म्हणाले. काहींना सांगितलं, तुमचे उंदीर हुशार वाणाचे. बाकीच्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ. उंदीर सगळे सारखेच होते. तरी ‘हुशार’ उंदीर जास्त चांगले शिकले. कारण शोधायला गेल्यावर दिसलं की हुशार समजलेल्या उंदरांना पोरांनी जास्त वेळा आणि जास्त हळुवार हातात घेतलं होतं. कोणी ठरवून केलं नव्हतं. पुढे त्यांनी शाळेतल्या मुलांवर असाच अभ्यास केला, 1968 चा, त्यावर वाद खूप झाले आणि अजून होतात. पण उंदरांचं मला पटतं, कारण ते हातांबद्दल आहे.

आणि नाव ठेवायला वेळ किती लागतो? विलिस आणि टोडोरोव्ह यांनी 2006 मध्ये लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा दहावा भाग दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का. मग दुसऱ्यांना निवांत वेळ देऊन विचारलं. उत्तरं साधारण तीच. वेळ जास्त दिल्यावर खात्री तेवढी वाढली. सराफकट्टा भाऊंचं ‘थंड पाणी’ साधारण तेवढ्यातच ठरत असेल.

आता माझी गळती. माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलतात. पहिलीत मराठी त्यांना परकीच. प्रश्न विचारला की ती गप्प राहतात, कारण आधी मनात उलथापालथ करून शब्द शोधावे लागतात. मी अनेक वर्षं त्या गप्प राहण्याला नाव ठेवत होतो, ते इथे लिहीत नाही. एकदा वर्गात तपासणीला आलेल्या बाईंनी जाताना मला हळूच सांगितलं, “सर, पुढच्या बाकावरच्या मुलांसाठी तुम्ही थांबता. मागच्यांना विचारता आणि ते तोंड उघडायच्या आत दुसऱ्याचं नाव घेता.” मी त्या बाईंनाही मनात नाव ठेवलं, आगाऊ म्हणून. मग दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की खिशात हात घालून बोटांवर पाच मोजू लागलो. पाच आकडे इतके लांब असतात हे मला माहीत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा चौथ्या आकड्याला बोलला.

---

रूमवर_राहतो:

काकू, मी तुमचा गिऱ्हाईक नाही, भुसावळला असतो. पण दुसऱ्या बाजूने सांगतो. आम्ही पण डब्यावरून काकूला नावं ठेवतो! आमच्या काकू सोमवारी जी भाजी देतात ती रविवारची असते असं आमचं पक्कं मत आहे, पुरावा काही नाही, तुमच्या लाल शाईसारखाच. पोळीवर एका बाजूला डाग जास्त असले की म्हणतो, आज सिरियल बघत होत्या.

डबा न धुण्याचं म्हणाल तर रूमवर पाणी रोज येत नाही. एक नळ, अकरा पोरं, साठवायला दोन बादल्या. त्यातून आंघोळ करायची की डबा धुवायचा? आणि कडांचं म्हणाल तर माझ्या मित्राच्या दाढा किडल्यात, त्याला कळण्याची भाकरी कडेला चावत नाही. लाजतो सांगायला. चौदा नंबरला पण असंच काहीतरी असेल.

---

डबेवाली_जळगाव:

@रूमवर_राहतो बाळा, पाण्याचं माझ्याही डोक्यात आलं होतं. पण चौदा आणि पंधरा नंबर एकाच खोलीत राहतात. नळ एकच. पंधराचा डबा धुऊन येतो! दाढांचं मात्र सुचलं नव्हतं. ते असू शकतं. पोऱ्याला म्हटलं, जरा बघून सांग कसा आहे दिसायला. तो म्हणाला, “काकू, चांगला आहे, आल्यावर पाणी विचारतो मला.” बघा, ज्याच्या खोलीत डबा धुवायला पाणी नाही तो पोऱ्याला पाणी विचारतो. मग मला त्याचाच राग आला, की तेच पाणी डब्यात घातलं असतं तर? म्हणजे माणूस चांगला निघाला तरी माझं नाव ठेवणं चालूच.

@शहाद्याचा_मास्तर सर, उंदरांचं सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणे, “म्हणजे सात नंबर हुशार उंदीर.” आता आम्ही घरात सात नंबरला तेच म्हणतो. त्या पोरीला कळलं तर बोरं बंद होतील.

@सराफकट्टा, तुमच्या दुकानात मी दोन वर्षांपूर्वी सुनेचं मंगळसूत्र करायला आले असेन किंवा नसेन. नुसतं पाणी मिळालं होतं. थंड नव्हतं.

---

सराफकट्टा:

@डबेवाली_जळगाव ताई, मेलो. माझ्या काउंटरला नसेल. असेल तर परत या, भिंगासकट लस्सी.

---

स्पष्टबोल:

काटा वापरताय का आता, एवढं सांगा.

---

डबेवाली_जळगाव:

@स्पष्टबोल वापरतेय. काटा परातीच्या शेजारी ठेवलाय, गोळा केला की वर ठेवायचा, 110. पहिले चार दिवस फार चिडचिड झाली, 38 डब्यांच्या भाकऱ्या तोलून करायच्या म्हणजे अर्धा तास जास्त. आता हाताला सवय होतेय. गंमत अशी की इतरांचे गोळे न बघता 110 च्या आसपास येतात. चौदाचा करताना मी मुद्दाम मोठा करते आणि काट्यावर ठेवला तरी 101, 103. दरवेळी वरून चिमटीभर पीठ लावावं लागतं. सात नंबरचं उलट, काढून घ्यावं लागतं. काढताना जिवावर येतं.

पंचवीस नंबरची बायको माहेरी नाही. काल दोघं पैसे द्यायला म्हणून घरी आले होते. ती बोलकी आहे, तो गप्प. जाताना ती म्हणाली, “चिठ्ठ्या मीच लिहिते हो, ह्यांना काही चव कळत नाही. शाळेत शिकवते ना, हाताशी लालच पेन असतं.”

आज गुरुवार. भरीत केलं होतं, चौदाला वरचं घातलं, साल बघून काढली, दोन्ही भाकऱ्या 110. डबा आत्ता आला. न धुता. कडा गोल कातरून आत ठेवलेल्या.

कडा तोलल्या मी. 34 ग्रॅम.